‘टँकर खाली आहे’ : तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात विचारलं होतं, की तुमच्या बिल्डिंगमधे, गल्लीत, घरात वेगवेगळ्या भाषेची नि धर्माची माणसं असतील तर या फोनमुळे ती जवळ आली की लांब गेली. पत्रं आणि मेल इतके आलेत की सगळं छापायचं तर अख्खा अंक लागेल, म्हणून पाचच घेतलेत. नवीन वाचकांना सांगते, मी १९७८ साली ट्रंक एक्स्चेंजला, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडून देतात तिथे, ऑपरेटर म्हणून लागले आणि एसटीडी, म्हणजे परगावचा नंबर स्वतःच फिरवायची सोय, सगळीकडे पोचेपर्यंत माझ्या कानाला हेडफोनच होता. त्यामुळे उत्तरांत तो काळ मधूनमधून येणार.

प्रश्न : आमची वाकडला १६० फ्लॅटची सोसायटी. मराठी, हिंदी, तमिळ, बंगाली, ओडिया सगळे आहेत. मी सेक्रेटरी. एप्रिलमधे पाण्याची बोंब होती तेव्हा मी ग्रुपवर टाकलं, ‘टँकर खाली आहे, पेमेंट केलंय’. झालं, दोन हिंदीवाले मेंबर भडकले की रिकाम्या टँकरचे पैसे दिलेच कसे, त्यावर आपल्यातला एकजण म्हणाला मराठी येत नाही तर राहता कशाला, आणि रात्री दीडपर्यंत मेसेज चालू. आता एक गट म्हणतो ग्रुपवर फक्त मराठी, दुसरा म्हणतो फक्त इंग्लिश. शिवाय मी अ‍ॅडमिन, कुणी वेडंवाकडं टाकलं तर पोलिस मला धरणार का?

दादा, तुमचंही चुकलं नाही आणि त्या दोघांचंही नाही. मराठीत खाली म्हणजे तळाला, हिंदीत खाली म्हणजे रिकामं. तुम्ही सांगत होतात टँकर गेटपाशी आलाय, त्यांनी वाचलं टँकर रिकामा आहे. असे शब्द ढिगाने आहेत. आपली शिक्षा म्हणजे दंड, त्यांची शिक्षा म्हणजे शिक्षण. आपण चेष्टा करतो ती मस्करी, त्यांची चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपला काल होऊन गेलेला असतो, त्यांचा कल गेलेला पण असतो आणि यायचा पण असतो. आणि वैतागून तुम्ही ग्रुपवर राजीनामा टाकलात तर हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड, म्हणजे त्यांना वाटायचं भांडण मिटलं!

लिपी एकच असल्यामुळे ही गोची होते असं माझं मत आहे. तुमच्या तमिळ शेजाऱ्याला ते वाचताच आलं नसणार, त्याने लिफ्टमधे कुणालातरी विचारलं असेल काय लिहिलंय म्हणून, आणि त्याला बरोबर कळलं असेल. हिंदीवाल्याला वाचता आलं म्हणून त्याला वाटलं समजलं.

आता करायचं काय, तर नोटिशीचा ग्रुप वेगळा काढा आणि त्यात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं सेटिंग करा, गप्पांचा ग्रुप वेगळा. नोटीस आधी मराठीत, तिच्याखाली तीच हिंदीत किंवा इंग्लिशमधे, आणि दोन्हीकडे तारीख, वेळ, विंग आकड्यांत. उद्या, परवा असं लिहूच नका, सरळ तारीख घाला. महाराष्ट्रातल्या सोसायटीच्या नोटिशीत मराठी असायलाच हवी, यात मी मागे हटणार नाही, पण रात्री दीड वाजता कुणाला टोचून बोललं म्हणून तो मराठी शिकलाय असं मी अजून पाहिलेलं नाही. रोज जिन्यात दोन वाक्यं बोलणाऱ्या शेजाऱ्याकडून शिकलेले मात्र बरेच पाहिलेत. आणि तीच नोटीस कागदावर काढून लिफ्टपाशी लावा, कारण वॉचमन, घरकामाच्या मावश्या, गाड्या धुणारा मुलगा यातलं कुणी तुमच्या ग्रुपवर नसतं आणि पाणी बंद होणार हे खरं तर त्यांना आधी कळायला हवं असतं.

त्या दोन मेंबरांकडे मात्र ग्रुपवरून जाऊ नका, दार वाजवून जा. खाली या शब्दाचा घोळ सांगितलात की तेच हसतील, चहा पाजतील.

अ‍ॅडमिनचं म्हणाल तर मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मधे सांगितलंय, की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा मिळून तसा बेत होता हे दिसलं तरच. पण कायद्याने सुटलात म्हणून हात झटकू नका, वाईट काही दिसलं की ते काढा आणि टाकणाऱ्याला फोन करा.

प्रश्न : ताई, मी सोलापूरची. आमच्या गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी, मुस्लिम सगळी घरं आहेत आणि आजवर कधी काही झालं नाही. मागच्या आठवड्यात नणंदेच्या ग्रुपवर एक ऑडिओ आला, पोरं पळवणारी टोळी आलीये, बाहेरच्या राज्यातली माणसं आहेत, वेश बदलून फिरतात. बाई रडत रडत सांगत होती, ऐकून अंगावर काटा आला. मी तो शाळेतल्या आयांच्या ग्रुपवर टाकला. नवरा ओरडला माझ्यावर. पण खरं निघालं असतं तर? आईने सावध पण करू नये का?

तुमची काळजी खोटी नाही बाई, आधी हे सांगते. लेकरू शाळेत गेलेलं आणि कानात असली बातमी, कुठल्याही आईचा हात फॉरवर्डवर जाईल. पण मी तुम्हाला तुमच्याच जिल्ह्यातल्या माणसांची गोष्ट सांगणार आहे आणि ती सगळी वाचा.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा म्हणून आदिवासी गाव आहे, तिथे आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं एसटीतून उतरली, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी, बहुतेक जण तुमच्या सोलापूरकडचे, मंगळवेढ्याचे. त्या भागात बरेच दिवस पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज नि व्हिडिओ फिरत होते. बाजारात कुणीतरी संशय घेतला, गर्दी जमली, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन कोंडलं आणि तिथे मारलं. पाच जण गेले. पळवलेलं पोर एकही नव्हतं.

मला राहून राहून एकच वाटतं, ती माणसं बोलली असतील ना, सांगितलं असेल ना आम्ही कोण, कुठले. पण सोलापूरकडचं मराठी आणि तिथल्या पाड्यावरची बोली यात किती अंतर आहे, आणि गर्दीच्या डोक्यात फोनवरचा आवाज आधीच बसलेला. समोरच्या जिवंत माणसापेक्षा फोनमधला बिननावाचा माणूस लोकांना खरा वाटला.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंत एक असा होता की मोटरसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावरचं पोर उचलून नेतात. तो मुळात पाकिस्तानात, कराचीत, मुलांच्या सुरक्षेसाठी जनजागृती म्हणून केलेला व्हिडिओ. शेवटी ते पोर परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. बस, एवढंच केलं, आणि जागृतीचा व्हिडिओ माणसं मारणारा झाला.

त्या घटनांनंतर जुलै २०१८ मधे व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं, पुढच्या वर्षी ते जगभर लागू झालं, आणि एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. तुम्हाला आलेल्या ऑडिओवर दोन बाण होते का ते बघा. दोन बाण म्हणजे तो पाच किंवा जास्त हातांतून आलाय, म्हणजे नणंदेला ती बाई कोण हे माहीत असणं शक्यच नाही. आणि मेसेज कुलूपबंद जातात, आत काय आहे ते कंपनीला पण दिसत नाही. ते चांगलंच आहे, आपलं खाजगी बोलणं खाजगी राहतं, पण त्याचा अर्थ असा की मधे कुणी तपासणारा नाही, तपासणारी तुम्हीच.

आमच्या एक्स्चेंजला प्रत्येक कॉलची चिठ्ठी फाडायची असायची, कुठला नंबर, कुणाला हवाय, किती वाजता. पीपी कॉल, म्हणजे अमुकच माणसाशी बोलायचं असा कॉल असला तर त्या माणसाचं नाव पण. नाव-गाव नसलेला कॉल मी कधी जोडलाच नाही. त्या रडणाऱ्या बाईची चिठ्ठी फाडून बघा, कोण, कुठल्या गावची, कुठल्या तारखेला बोलतेय? ऑडिओत यातलं काही नसेल तर ती सूचना नाहीच. खरंच मूल हरवलेलं असेल तर त्याचं नाव असतं, पोलिस ठाण्याचं नाव असतं. शाळेला फोन करा, पोलिसांना ११२ वर फोन करा, या दोन फोनांना पाच मिनिटं लागतात.

आणि आता त्या आयांच्या ग्रुपवर जा. अडीच दिवसांच्या आत असतं तर सगळ्यांसाठी डिलीट करता आलं असतं, ते आता गेलं, म्हणून तुमच्या स्वतःच्या आवाजात, नाव सांगून एक ऑडिओ टाका की मी तो मेसेज पाठवला होता, मी शाळेत आणि पोलिसांत विचारलं, तसं काही नाही. मराठीत सांगा, आणि शेजारणीकडून तेलुगूत नि कन्नडमधे पण सांगून घ्या. ऐकलेला आवाज ओळखीचा असला की माणसं शांत होतात.

हे व्हॉट्सअ‍ॅपनेच सुरू झालं असंही नाही. २०१२ च्या ऑगस्टमधे साध्या एसएमएसच्या अफवांनी बेंगळुरू आणि पुण्यातून ईशान्येकडची हजारो मुलं-मुली रेल्वे भरभरून घरी पळाली होती, शेवटी सरकारला काही दिवस एका वेळी पाचच एसएमएस असं बंधन घालावं लागलं. आणि राईनपाड्याच्या त्याच रात्री मालेगावात पण अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरलं होतं, त्यांच्यात लहान मूल होतं. तिथे एका स्थानिक माणसाने त्यांना स्वतःच्या घरात घेतलं, पोलिस आले आणि ती माणसं वाचली. मेसेज दोन्हीकडे तसलेच होते.

प्रश्न : मी मेळघाटात धारणी तालुक्यात आशा आहे. वरून लसीकरणाचे मेसेज मराठीत पीडीएफ येतात. आमच्या पाड्यावर बाया कोरकू बोलतात, वाचता येणाऱ्या कमीच. मी तेच कोरकूत बोलून व्हॉइस मेसेज करते, बाया ऐकतात, लस घ्यायला येतात. पण एक वरिष्ठ म्हणतात अधिकृत तेच पाठवायचं, स्वतःचं बोलायचं नाही. मी बंद करू का?

अजिबात बंद करू नकोस. कोरकू ही मराठीची बोली नाही, ती मुंडा कुळातली भाषा आहे, संथाळी-मुंडारीच्या गोतातली, मराठी नुसती कानावर पडून ती बोलणाऱ्या बाईला कळेल असं नाही. आणि ज्या भाषेत शाळेची पुस्तकं फारशी नाहीत, टाइप करायची सवय फारशी कुणाला नाही, त्या भाषेला या व्हॉइस मेसेजने जे दिलंय ते माझ्या लेखी या सगळ्या फोनच्या शोधातलं सगळ्यात मोठं काम आहे. पाठवायला लिहिता यावं लागत नाही, ऐकायला वाचता यावं लागत नाही. अहिराणीवाले, पावरी बोलणारे, गोंडी बोलणारे, सगळ्यांचं तेच.

वरिष्ठांचं म्हणणं पण समजून घे, त्यांना भीती आहे की बोलताना काही बदललं तर जबाबदार कोण. म्हणून पीडीएफ पाठवच आणि त्याच्याखाली तुझा आवाज. आवाजात पहिल्या वाक्यातच तुझं नाव, पाड्याचं नाव आणि तारीख सांगायची. हे फार महत्त्वाचं आहे ग, कारण ‘मंगळवारी लस आहे’ एवढंच बोललीस तर तो मेसेज चार महिन्यांनी पण कुणीतरी पुढे पाठवेल आणि एखादी बाई लेकराला कडेवर घेऊन कुठल्यातरी भलत्याच मंगळवारी पाच किलोमीटर चालत येईल. आणि मेसेज एक मिनिटाच्या आतला ठेव, तुमच्याकडे रेंज डोंगरावर चढल्यावर येते, मोठी फाईल उतरत नाही. कोरकू येणाऱ्या दुसऱ्या आशाकडून एकदा ऐकवून घेतलास तर वरिष्ठांना पण सांगता येईल की दोघींनी तपासलंय.

प्रश्न : मी कोल्हापूरची, सेकंड इयरला आहे. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मुस्लिम आहे, पाचवीपासून एका बाकावर. आमच्या घरच्या ग्रुपवर मोठे काका रोज तिच्या धर्माबद्दल काहीबाही फॉरवर्ड करतात. त्याच काकांनी ती आमच्याकडे आली की तिला आग्रहाने जेवायला वाढलंय. परवा तिने माझा फोन हातात घेतला होता आणि तेव्हाच मेसेज आला. ती काही बोलली नाही. मला झोप लागत नाहीये.

बाळा, आधी तिच्याकडे जा. काय बोलू, कसं बोलू याची तयारी करत बसू नकोस, जा आणि म्हण की तू वाचलंस ते मला माहितीये, मला लाज वाटली आणि मी गप्प राहणार नाहीये. मेसेज करू नकोस याबद्दल, समोर बसून बोल. तिची गप्प बसण्याची सवय वाढत गेली तर तुमची मैत्री नावापुरती राहील आणि तुला कळणार पण नाही कधी झालं ते.

मग काका. ग्रुपवर उत्तर देऊ नकोस, तीस नातेवाइकांसमोर पुतणीने चूक दाखवली की माणूस स्वतःच्या मानासाठी आणखी हट्टाला पेटतो, मी घरोघरी बघितलंय. त्यांच्या घरी जा, आणि तू लिहिलेलं तेच सांग, की काका, तुम्ही जिला वाढलंत तिने हे वाचलं. बाकी वाद घालू नकोस, इतिहास नको, पक्ष नको. माझा अंदाज असा आहे की फॉरवर्ड करताना त्यांच्या डोळ्यासमोर ती नसतेच. फोनवर ‘ते लोक’ असतात आणि ताटावर तुझी मैत्रीण असते, दोन्ही एकच आहे हे त्यांना कुणी अजून दाखवलेलं नाही.

२०२३ च्या जूनमधे तुमच्या गावात काय झालं ते तू पाहिलं असशील. काही पोरांनी ठेवलेल्या स्टेटसवरून बंद, दगडफेक, लाठीमार, आणि मग इंटरनेट बंद. स्टेटस म्हणजे चोवीस तासांत आपोआप पुसलं जाणारं चित्र, त्याच्यावरून दुकानं फुटली. आणि नेट बंद झाल्यावर ज्याचा काही संबंध नाही त्या भाजीवालीचं क्यूआर कोडवरचं पेमेंट बंद, ऑनलाइन काम करणाऱ्यांचं काम बंद, कुणाचे फॉर्म अडकले. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग काढलं, एकेका समाजाची पोरं शिकावीत म्हणून वसतिगृहांची रांग उभी केली, तिथे हे व्हावं याचा मला फार त्रास होतो, लिहिताना सुद्धा होतोय.

काकांनी ऐकलं नाही तर? तर ग्रुप सोड आणि का सोडला ते एकट्या आईला सांग. आणि ऐकलं किंवा नाही ऐकलं, मैत्रिणीला मात्र पुढच्या आठवड्यात नेहमीसारखं जेवायला बोलव, काका असतानाच.

प्रश्न : मी मिरजेची, वय ७१. मुलगा जर्मनीत, सून जर्मन, नात चार वर्षांची. व्हिडिओ कॉल होतो पण बोलायचं काय? मुलाने भाषांतराचं अ‍ॅप घालून दिलंय. मी नातीला ‘माझं सोनं गं ते’ म्हणाले, अ‍ॅपने काय सांगितलं कोण जाणे, सुनेचा चेहरा पडला. नंतर मुलगा म्हणाला तिला वाटलं तुम्ही लग्नातलं सोनं परत मागताय. तेव्हापासून मी ते अ‍ॅप उघडलं नाही.

अहो काकू, उघडा परत, पण त्याच्यावर सगळा भार टाकू नका. गूगलच्या भाषांतरात मराठी २०१३ साली आली आणि तेव्हापासून ते पुष्कळ सुधारलंय, डॉक्टरची चिठ्ठी, औषधाची वेळ, स्टेशनचं नाव यासाठी ते उत्तम आहे. लाडाचं बोलणं त्याला जमत नाही. शिवाय बऱ्याचदा ते इंग्लिशच्या वळणाने जातं, आणि इंग्लिशमधे तू, तुम्ही, आपण सगळ्याला एकच यू. जर्मनमधे आपल्यासारखंच आहे, जवळच्याला ‘डू’, परक्याला ‘झी’. तुम्ही सुनेला प्रेमाने तू म्हणता आणि ते अ‍ॅप तिला परक्यासारखं झी म्हणून मोकळं होत असेल. मुलाला सांगा, तिला एकदा हे समजावून सांग.

सोन्याचं मात्र सोपं आहे. जर्मन माणसं लाडक्या माणसाला ‘शात्स’ म्हणतात, म्हणजे चक्क खजिना. तिला म्हणा, तुमचं शात्स ते आमचं सोनं. लगेच कळेल तिला.

चार वर्षांच्या पोरीशी बोलायचं नसतं हो, तिच्यासमोर काहीतरी करायचं असतं. मला माहीत असलेल्या एक आजी फोन डब्याला टेकवून ठेवतात आणि लाडू वळतात, तिकडे नात कणकेचे गोळे वळते. एक, दोन, तीन इकडून, आइन्स, त्स्वाय, द्राय तिकडून. दहा लाडू झाले की कॉल संपला. सहा महिन्यांत त्या पोरीला दहापर्यंत मराठी आकडे आले आणि आजीला जर्मन. दर आठवड्याला वार नि वेळ एकच ठेवा. रविवारी दुपारी चार बरी, उन्हाळ्यात तिकडे साडेबारा असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास मागे जातं, मग आपल्या चारला तिकडे साडेअकरा, मार्चच्या शेवटच्या रविवारी परत पहिल्यासारखं. हे कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर एखाद्या रविवारी नात फोनची वाट बघत कणीक घेऊन बसेल.